जुन्या खेळयंत्राला रंग देताना

"व्हिडिओ गेमचं जुनं खोकं मिळालंय. रंग ब्रशने द्यावा की स्प्रेने, तेवढं सांग." राहुरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या वर्गमित्राचा हा फोन. मी रंगांच्या थरांवर संशोधन करते, तेव्हा उत्तर एका शब्दात येईल अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात उत्तर द्यायला मला तीन महिने लागले आणि नगरला चार फेऱ्या झाल्या. त्या एका प्रश्नाच्या पोटात आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकातले किती विषय दडले होते ते शिक्षक वाचकांना सांगावेसे वाटते. शिवाय त्याने न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत आधी सांगावी लागली. तीही सांगते.

ज्यांचे शालेय वय १९९०च्या आसपास होते त्यांना हे खोके आठवत असेल. माणसाच्या उंचीचे, समोर दूरचित्रवाणीचा पडदा तिरपा बसवलेला, खाली एक दांडी आणि चार-सहा बटणे, त्याखाली नाणे किंवा टोकन टाकायची फट. जगात या यंत्रांची लाट १९७२च्या 'पाँग'पासून सुरू झाली; १९७८ साली जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली 'पॅक-मॅन' आला. आपल्याकडे मात्र या खोक्याचा सांगाडा बहुधा गावातल्या सुतारानेच ठोकलेला असे. आमचे खोकेही तसेच. १९ मि.मी.चे प्लायवूड, पुढे लोखंडी पत्र्याचा फळा, आणि दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक जमिनीवर कुणा पेंटरने हाताने काढलेली मोटारींची शर्यत. या चित्रातली मोटार ज्या वळणावरून चालली आहे त्यामागे दिसणारा डोंगर अगदी आपल्याकडच्यासारखा सपाट माथ्याचा आहे. त्या पेंटरने परदेशी शर्यत नगर-मनमाड रस्त्यावर आणून ठेवली होती! भंगारवाल्याकडे ते एका अंगावर पावसात पडून होते. त्यामुळे एका बाजूचे चित्र शाबूत होते, तर दुसऱ्या बाजूचे पोपडे निघून प्लाय फुगलेले.

शाळेचा बेत असा: आत नवा पडदा आणि छोटा संगणक बसवायचा, मुलांनीच तयार केलेली विज्ञान-प्रश्नमंजूषा त्यावर चालवायची आणि खोके व्हरांड्यात ठेवायचे. खोके घासून रंगवण्याचे काम नववीच्या मुलांनी श्रमदानाच्या तासाला करायचे. पॉलिश पेपरचे तीस तुकडे कापूनही झाले होते.

मी म्हटले, "तो पॉलिश पेपर आधी कपाटात ठेव. कुणालाही हात लावू देऊ नकोस."

घासण्यापूर्वी

पिवळा रंग पाहून मला शंका आली होती. जुन्या ऑइल पेंटमधला ठसठशीत पिवळा आणि नारिंगी रंग पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटचा असे. हे रंगद्रव्य स्वस्त, झाकणारे आणि उन्हात टिकणारे. रंग लवकर वाळावा म्हणून घातल्या जाणाऱ्या संयुगांतही शिसे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर बंधनकारक मर्यादा आली ती थेट १ नोव्हेंबर २०१७ पासून. ती मर्यादा वजनाने दशलक्ष भागांत ९० भाग, म्हणजे एक किलो रंगात ९० मिलिग्रॅम इतकी आहे. त्यापूर्वीच्या रंगाबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही.

शिसे भिंतीवर किंवा फळीवर घट्ट बसलेले असेपर्यंत फारसे बाधत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासले की त्याची भुकटी होते आणि ती श्वासातून, बोटांतून, डब्यातल्या पोळीवरून पोटात जाते. मोठ्यांपेक्षा मुलांच्या आतड्यातून शिसे अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक इतकी पातळी निर्धोक, असे कुठलीही आरोग्य संस्था आज सांगत नाही. पोपड्यांची एक पुडी मी संस्थेत नेली आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्राखाली ठेवली. वर्णपटात शिसे आणि क्रोमियम, दोघांच्याही रेषा ठळक उमटल्या. शंका खरी ठरली.

म्हणून रंगाची पद्धत ठरवण्याआधी घासण्याची पद्धत ठरली. मुले नाहीत, फक्त सुतारकाका आणि माझा मित्र. दोघांच्याही नाकावर धूळ अडवणारा चांगला मास्क. पाण्याचा पॉलिश पेपर, फळी सतत ओली, निघणारा चिखल फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बंद. ब्लो-लॅम्पने रंग जाळून काढण्याची जी जुनी रीत आहे ती इथे सक्त वर्ज्य, कारण तापल्यावर शिशाची वाफ व धूर होतो. आणि जिथे थर शाबूत आहे तिथे तो काढायचाच नाही, त्यावर नवा थर चढवून त्याला बंद करून टाकायचे. मुलांचा हात सतत लागणार तो पुढचा पत्र्याचा फळा. त्यावरचा रंग मात्र पूर्ण उतरवायचा.

तुमच्या शाळेतली जुनी कपाटे, बाके, झोपाळे यांनाही हेच लागू आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडून बाके घासून घेण्याचा उत्साह असतो, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

आणखी एक सावधगिरी. जुन्या यंत्रातल्या चित्रनळीला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि यंत्र बंद केल्यावरही नळीत विद्युतभार साठून राहतो. ती जाणकार तंत्रज्ञाकडूनच काढून घ्यावी.

जुन्याशी नव्याचे जमेल का?

आता ब्रश की स्प्रे. पण थांबा. ही दोन अवजारे आहेत, आणि कोणत्या अवजारात कोणता रंग चालतो हे आधी पाहावे लागते. बाजारात स्प्रेने मारण्यासाठी जो रंग सहज मिळतो तो बहुधा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे आपले कारागीर ज्याला 'ड्यूको' किंवा 'एन.सी.' म्हणतात तो. त्याचे द्रावक उडून गेले की रंग वाळला. रेणूंत काहीही बदल होत नाही. पुन्हा थिनर लावले तर तो पुन्हा विरघळतो. ऑइल पेंटचे तसे नाही. त्यातले टर्पेंटाइन उडून जाते हा वाळण्याचा केवळ पहिला अंक. दुसऱ्या अंकात तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांशी जोडले जातात आणि जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा विरघळत नाही.

आमच्या खोक्यावर कोणता रंग आहे हे ओळखण्याची कारागिरांची सोपी कसोटी आहे. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवायचा. रंग कापसाला लागून विरघळला तर तो एन.सी.; फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट; काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा दोन द्रवांच्या मिश्रणाचा पक्का रंग. आमचा रंग सुरकुतला.

मित्राला धीर नव्हता. माझा निरोप पोहोचण्याआधीच त्याने मोटारी रंगवणाऱ्या एका गॅरेजमध्ये मागचा दरवाजा नेऊन त्यावर स्प्रे मारून घेतला होता. दहा मिनिटांत सगळा पृष्ठभाग दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला. गॅरेजवाल्याने प्लायला दोष दिला, प्लायवाल्याने पावसाला. खरे कारण साधे आहे. एन.सी.च्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन, एस्टर असे तीव्र द्रावक असतात. ते जुन्या ऑइल पेंटच्या जाळ्यात शिरतात. जाळे विरघळत नाही, पण फुगते. खालून ते लाकडाला चिकटलेले, त्यामुळे त्याला आडवे पसरायला जागा नाही. मग ते वर उचलले जाते आणि घड्या पडतात. टर्पेंटाइन सौम्य असल्याने जुन्या, पक्क्या झालेल्या थराला असे फुगवत नाही. म्हणजे जुना थर खाली ठेवायचा, तर वर ऑइल पेंटच द्यायला हवा, हे दरवाज्याने सिद्ध केले. शिसे असलेला थर बंद करण्याचा आमचा निर्णय आणि हा निर्णय एकमेकांना बांधले गेले.

दुकानदाराने 'पीयू'चा, म्हणजे पॉलियुरेथेनचा आग्रह धरला होता. तो रंग काचेसारखा होतो यात वाद नाही. पण त्याच्या कडकपणाच्या डब्यात आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. साध्या मास्कने ते अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शाळेच्या आवारात त्याचा विचारही नको. शिवाय मघाशी सांगितलेली शिशाची मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांना आहे. मोटारींचे व कारखान्यांचे रंग त्या नियमात येत नाहीत. मुलांच्या वस्तूला रंग घेताना डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

रेघा, ओघळ आणि चौथा घात

ऑइल पेंट ब्रशनेही देता येतो, रोलरनेही आणि पातळ करून स्प्रेनेही. मित्राचा कल स्प्रेकडे होता, कारण "ब्रशच्या रेघा दिसतात." रेघा का दिसतात आणि का मिटतात हे पाहण्यासारखे आहे.

ब्रश फिरवला की रंगात उंचवटे आणि चर उमटतात. पृष्ठताण हा पृष्ठभाग कमीत कमी करू पाहतो, म्हणून उंचवट्यावरचा रंग चराकडे ढकलला जातो. श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, त्याला विरोध करते. या झटापटीचे गणित १९६२ साली एस. ई. ऑर्चर्ड यांनी मांडले. ते शब्दांत असे: सपाट होण्यास लागणारा वेळ श्यानतेच्या सम प्रमाणात, रंगाच्या थराच्या जाडीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, आणि दोन रेघांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असतो. चौथा घात! अंतर दुप्पट केले की वेळ सोळापट.

आकडे घालून पाहू. रंग पाण्याच्या पाचशेपट घट्ट आणि ओला थर ८० मायक्रॉन जाडीचा धरू. एक लीटर रंगात साधारण साडेबारा चौरस मीटर जागा रंगवली तर एवढाच थर बसतो. हा भागाकार वर्गात जरूर करून घ्यावा. रेघा २ मि.मी. अंतरावर असतील तर उंचवटा एक-तृतीयांशावर यायला सुमारे एक सेकंद लागतो. ४ मि.मी. अंतर असेल तर सोळा सेकंद. ८ मि.मी. असेल तर चार मिनिटांहून अधिक. आता कंजूषपणा करून थर निम्मा, ४० मायक्रॉन केला, तर हे वेळ आठपट होतात. ८ मि.मी.च्या लाटांना अर्धा तास हवा, आणि तेवढ्या वेळात रंग आटून घट्ट झालेला असतो. लाट तशीच गोठते.

म्हणजे दोष ब्रशचा नाही, रेघांमधल्या अंतराचा आहे. जाड, केस झडलेल्या ब्रशाने रुंद रेघा पडतात. लोकरी रोलरने मोठ्या उंचवट्यांची जमीन होते. बारीक छिद्रांच्या स्पंज रोलरचे ठसे मात्र इतके जवळजवळ असतात की बघता बघता मिटतात. आमच्या पेंटरकाकांना चौथा घात ठाऊक नव्हता. पण मऊ केसांचा ब्रश रुपया-दोन रुपयांसाठी कधी सोडायचा नाही हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होते.

मग थर जाड द्यावा, रंग पातळ करावा? इथे ओघळ आडवे येतात. उभ्या फळीवर गुरुत्वाकर्षण रंगाला खाली ओढते, आणि खाली घसरणाऱ्या रंगाचे प्रमाणसुद्धा जाडीच्या तिसऱ्या घातानेच वाढते. पातळ केल्यास रेघा जितक्या लवकर मिटतील तितक्याच लवकर ओघळही येतील. ८० मायक्रॉनच्या थराचा वरचा भाग उभ्या फळीवर मिनिटाला चार-पाच मि.मी. घसरतो. रंग बनवणारे यावर एक तोडगा काढतात: ब्रशखाली पातळ होणारा आणि ब्रश उचलल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होणारा रंग. काकवी कितीही ढवळली तरी तिचा घट्टपणा तोच राहतो. चांगल्या रंगाचे तसे नसते. डबा उघडताच जेलीसारखा वाटणारा रंग ढवळल्यावर सैल होतो तो यामुळेच. त्याला बिघडलेला समजून त्यात टर्पेंटाइन ओतू नये.

पण आमच्याकडे याहून सोपा तोडगा होता. खोके आडवे पाडायचे! फळी जमिनीला समांतर असली की ओघळाचा प्रश्नच उरत नाही, आणि भरपूर जाड थर देऊन पृष्ठताणाला हवा तेवढा वेळ देता येतो. चार जणांनी मिळून खोके दोन बाकांवर आडवे ठेवले. भिंत आडवी करता येत नाही, म्हणून भिंती रंगवणाऱ्याला ही युक्ती सुचत नाही.

स्प्रेची बाजू

स्प्रेवर अन्याय नको. कोपरे, जाळ्या, नक्षी, जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो लागतोच. मूळ यंत्राचा इतिहासही त्याच्या बाजूने आहे: अमेरिकेत बनलेल्या पॅक-मॅनच्या पिवळ्या खोक्यांवरची चित्रे कोरलेले साचे ठेवून त्यांवरून रंग फवारून काढलेली असत. तशा खोक्याचे पुनरुज्जीवन करताना स्प्रेच वापरला तर मूळ काठांचा धूसरपणा साधतो. आमचे चित्र ब्रशने काढलेले होते, एवढाच फरक.

पण तुषार म्हणजे काय याचा हिशेब करा. एक मिलिलीटर रंगाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सें.मी.पेक्षा किंचित कमी भरतो. त्याच रंगाचे ५० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर दीड कोटी थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग १,२०० चौरस सें.मी. होतो. अडीचशेपट! इतक्या पृष्ठभागावरून द्रावक भराभर उडते. म्हणून पिस्तूल फार लांब धरले तर थेंब वाटेतच वाळतात आणि खरखरीत भुकटी बसते. थोडे कमी वाळलेले थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि संत्र्याच्या सालीसारखी जमीन होते. जवळ धरले तर ओघळ. शिवाय साध्या हवेच्या पिस्तुलातून निघालेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक वस्तूवर बसतच नाही, तो हवेत, भिंतीवर आणि फुप्फुसात जातो. जादा हवा, कमी दाब या तत्त्वावरची नवी पिस्तुले दोन-तृतीयांश रंग वस्तूवर बसवतात. ती मिळाली तर उत्तम, पण आमच्याकडे नव्हती.

आणि वाफा. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर न जाता जमिनीवरून सरपटत लांब जाते आणि शेजारच्या खोलीतल्या स्टोव्हपर्यंत पोचते. शाळेत पोषण आहाराची शेगडी कुठे आहे ते आधी पाहावे.

फक्त पत्र्याचा फळा आणि नाण्याचा दरवाजा यांना आम्ही वेगळी वाट दिली: नगरच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग. यात द्रावक नाहीच. रंगाची कोरडी पूड विद्युतभारित करून फवारतात. जमिनीला तारेने जोडलेला पत्रा तिला ओढून घेतो. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा जो प्रयोग आपण करतो तोच इथे. गंमत म्हणजे पूड पत्र्याच्या मागच्या बाजूलाही वळून चिकटते. मग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पूड वितळून जाळे बनते. "मग सगळं खोकंच त्यात घाल ना," असे एका विद्यार्थ्याने सुचवले. त्याला विचारले, प्लायवूडमध्ये पाणी असते, ते १०० अंशांना काय करील? उत्तर त्याने स्वतःच दिले: "पापडासारखं फुगेल."

नगरची हवा

मुहूर्त पाहण्याची वेळ आली. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मि.मी. पाऊस, तर पश्चिमेला अकोल्याच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. एकच रंग एकाच महिन्यात दोन तालुक्यांत निराळा वागतो.

द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, माठातल्या पाण्यासारखा. हवा २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २२ अंशांच्या थोडा वर असतो. पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव पडते. झपाट्याने उडणाऱ्या थिनरचा एन.सी. रंग अशा वेळी पांढुरका पडतो. श्रावणात रंगवलेल्या फर्निचरवर हे ढग पुष्कळांनी पाहिले असतील. उलट हवा ३० अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर दवबिंदू साडेदहा अंशांवर असतो, दव पडण्याची भीतीच नाही. मग आपला उन्हाळा उत्तम? नाही. उन्हाळ्यात रंगाची वरची साय आधी धरते आणि रेघा मिटायला वेळच मिळत नाही. त्यातच काळ्या मातीची बारीक धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. आम्ही फेब्रुवारीतली सकाळ निवडली. खिडक्या उघड्या ठेवून त्यांना ओली फडकी लावली, फरशीवर सडा मारला. सड्याने धूळ बसते हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे.

अस्तराचा एक हात, खळग्यांत लांबी, ओल्या पेपरने घासणे, मग स्पंज रोलरने रंग लावून लगेच मऊ ब्रशाचे हलके टोक एकाच दिशेने फिरवणे. असे दोन हात, मध्ये दोन दिवस. फुगलेल्या बाजूच्या कडा आधी अस्तराने भरून घेतल्या, कारण प्लायच्या उघड्या कडा स्ट्रॉप्रमाणे पाणी पितात. रंग सपाट झाला की नाही हे पाहण्याची पेंटरकाकांची रीत मला फार आवडली. छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब रंगात पाहायचे. ते सरळ दिसले की काम झाले, नागमोडी दिसले की नाही. आपण प्रकाशाच्या परावर्तनाचा पाठ शिकवतो तेव्हा हे उदाहरण का देत नाही, कोण जाणे.

पडद्याभोवतीची चौकट मात्र मुद्दाम बिनचकाकीची काळी ठेवली. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सहल नेली असेल तर मुलांना हे लगेच कळेल. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून आपल्या 'विजयंता'पर्यंतची वाहने आहेत. रणगाड्याचा रंग चकाकत नाही, कारण उन्हाची एक तिरीप शत्रूला ठिकाण सांगते. अशा रंगात बंधकाच्या मानाने भुकटी जास्त असते. तिचे कण पृष्ठभागातून डोके वर काढतात आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. आमच्या पडद्याशेजारी तीच गरज होती: खेळणाऱ्याच्या डोळ्यांत मागच्या खिडकीचे प्रतिबिंब येऊ नये. बिनचकाकीच्या रंगात रेघाही दिसत नाहीत. म्हणून ही चौकट एका विद्यार्थिनीने पहिल्याच प्रयत्नात रंगवली आणि ती सर्वांत सुबक उतरली.

शाबूत बाजूच्या चित्राला आम्ही रंगाचा थेंबही लावला नाही. ओल्या फडक्याने पुसून त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा तक्ता स्क्रूने बसवला. शिसे आत राहिले, मुलांची नखे बाहेर, आणि सपाट माथ्याचा डोंगरही वाचला. दुसऱ्या बाजूला आम्ही साधा निळा रंग दिला. तिथे चित्र पुन्हा काढून घ्यावे असे मित्राला वाटत होते. मी विरोध केला. त्यावरून आमचे अजून पटलेले नाही.

मुलांच्या हातून घासण्याचे काम काढून घेतले म्हणून ती हिरमुसली होती. त्यांना दुसरे काम दिले. सारख्या मापाच्या तीन काचपट्ट्यांवर एकेक ग्रॅम तेल पसरायचे: जवसाचे, करडईचे, शेंगदाण्याचे. रोज शाळेच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन घ्यायचे. वाळताना वस्तू हलकी होते असा सगळ्यांचा पक्का समज. जवसाच्या काचेचे वजन वाढू लागले तेव्हा काटा बिघडला अशी तक्रार आली, आणि मग वाळण्याच्या दुसऱ्या अंकातला ऑक्सिजन त्यांना प्रथमच 'दिसला'. करडईची काच बऱ्याच दिवसांनी चिकट झाली, मग तिनेही वजन धरले. करडईच्या तेलाचे रंग फारसे पिवळे पडत नाहीत, म्हणून ते पांढऱ्या रंगात वापरतात, हे शेतकऱ्यांच्या त्या मुलांना नवीन होते. शेंगदाण्याच्या तेलाची काच अजून ओशटच आहे. ती खोक्याच्या माथ्यावर ठेवलेली आहे आणि दर सोमवारी तिचे वजन होते.